टीका शिलाईवर आहे की गोष्टीवर? मोरपिसाच्या गाऊनवरून धंद्याचा एक धडा



ऑनलाइन विकायला लागलं की एक दिवस ती कमेंट येतेच. आपण आठवडाभर खपून रील बनवतो, लोक बदाम टाकतात, "किंमत सांगा" विचारतात आणि मध्येच कुणीतरी लिहितं, "हे जे तुम्ही विकताय ते मला पटलेलं नाही." पोटात गोळा येतो. बोट थेट डिलीटच्या बटनावर जातं.

"टीकेला उत्तर कसं द्यायचं" यावरच्या व्हिडिओत मी एका इंग्लिश कॉस्च्युम मेकरचं उदाहरण थोडक्यात दिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी "सविस्तर सांगा" म्हटलं, म्हणून हा लेख. उदाहरण परदेशातलं आहे, पण त्याची मुळं आपल्याच देशात आहेत. आणि शिवणकाम, साडी, दागिने, मसाले, पापड, तुम्ही काहीही विकत असा, यातला धडा उपयोगी पडेल.

आधी ड्रेस समजून घेऊ

जानेवारी १९०३. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड हिंदुस्थानचा सम्राट झाला म्हणून दिल्लीत भला मोठा दरबार भरला होता. राजा स्वतः आलाच नाही, त्याने भावाला पाठवलं. सगळा थाट मांडला होता व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने. हा तोच कर्झन, ज्याने १९०५ मध्ये बंगालची फाळणी केली.

६ जानेवारीला लाल किल्ल्यात नाचाची मेजवानी झाली. तिथे कर्झनची बायको मेरी जो गाऊन घालून आली, तो आजही "पीकॉक ड्रेस" म्हणून जगभर ओळखला जातो. सगळ्या गाऊनवर एकावर एक रचलेली मोरपिसं, सोन्या-चांदीच्या तारेने भरलेली. प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरवं-निळं चमकणारं काहीतरी. लोकांना ते पाचू वाटायचे, पण ते होते एका चमकदार भुंग्याच्या पाठीवरचे कडक पंख. गाऊनचं वजन साधारण साडेचार किलो.

हे भरतकाम म्हणजे आपली जरदोजी. तलम कापडाचे भाग इथल्या कारागिरांनी भरले. मग ते पॅरिसला वर्थ या प्रसिद्ध फॅशन हाउसकडे गेले आणि तिथे त्यांचा गाऊन शिवला गेला. आज तो इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या केडल्स्टन हॉलमध्ये, म्हणजे कर्झन घराण्याच्या हवेलीत, ठेवलेला आहे. तारेची चमक काळवंडली, भुंग्याचे पंख मात्र अजून चमकतात.

आता इथे जरा थांबा आणि धंद्याच्या नजरेने बघा. या गाऊनची ओळख काय? "लेडी कर्झनचा गाऊन", "वर्थचा गाऊन". जिने घातला तिचं नाव, ज्याने शिवला त्याचं नाव. ज्यांनी डोळे फोडून एकेक पीस भरलं, त्यांची नावं विचारली तर सांगणारा सहज सापडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शंभर वर्षांनी तोच ड्रेस पुन्हा

कॅथी हेय या इंग्लंडमधल्या कॉस्च्युम मेकर. जुन्या काळचे कपडे त्याच पद्धतीने पुन्हा शिवणं हे त्यांचं काम. त्या यूट्यूबवर व्हिडिओ करतात आणि "फाउंडेशन्स रिव्हील्ड" नावाचं शिकवण्याचं ऑनलाइन व्यासपीठ त्यांनी उभं केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर हुन्नर असलेली, स्वतःचा धंदा उभा केलेली बाई. जुन्या शिवणकामाची आवड असलेल्या जगभरच्या लोकांमध्ये त्यांचं नाव मोठं.

त्यांचं स्वप्न होतं हा पीकॉक ड्रेस हुबेहूब पुन्हा बनवायचं. दहा वर्षांच्या आसपास हा प्रकल्प चालला. प्रेक्षक त्यात गुंतले होते. "अशक्य वाटणारी गोष्ट चिकाटीने कशी करायची", ही त्या प्रकल्पाची गोष्ट होती आणि लोक त्या गोष्टीवर प्रेम करत होते.

मग टीका सुरू झाली. विशेषतः दक्षिण आशियाई वंशाच्या, स्वतः जुने कपडे शिवणाऱ्या लोकांकडून. म्हणजे बाहेरचे ट्रोल नव्हेत, त्याच क्षेत्रातले, त्याच आवडीचे लोक.

टीका नक्की कशावर होती?

टाके वाकडे आहेत, माप चुकलं, कापड खोटं वापरलं, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यांचा मुद्दा साधारण असा होता: हा ड्रेस नुसता सुंदर कपडा नाही. आमच्या देशावर राज्य केल्याचा जल्लोष करायला तो घातला गेला. ज्यांच्यावर राज्य केलं, त्यांच्याच कारागिरांच्या हातून तो भरून घेतला. आज त्याची गोष्ट नुसती "स्वप्नातला ड्रेस" म्हणून सांगितली, तर आमचा भाग त्यातून गळतो.

हा मुद्दा किती खरा आहे ते समजायला तो काळ बघा. १८९६ पासून मुंबईत प्लेग होता, पुढे तो पुण्यात आणि इतरत्र पसरला. १८९९-१९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला, आपल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात येणारा "छप्पनचा दुष्काळ" तो हाच. मुंबई इलाख्यालाही त्याचा जबर फटका बसला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत दिल्लीत हा दरबार झाला. त्या उधळपट्टीवर तेव्हाही टीका झाली होती. मोराचंही बघा. लाल किल्ल्यातलं शाहजहानचं मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने लुटून नेलं. त्याच किल्ल्यात, नव्या राज्यकर्त्याची बायको मोरपिसांनी मढून येते. यातला अर्थ त्या वेळच्या पाहुण्यांनाही कळत असणार.

आता दुसरी बाजूही बघू, कारण एकतर्फी विचार करून धंदा होत नाही. कॅथीताईंच्या बाजूने कुणी म्हणू शकतं, "मी राजवटीचं कौतुक करत नाही, मी कारागिरीचं करतेय. हे काम कुणी पुन्हा केलंच नाही तर विद्या मरेल." हा मुद्दा पोकळ नाही. जुनी वस्तू पुन्हा बनवल्याशिवाय ती बनवणाऱ्याचं कसब कळत नाही, हे कुठलाही कारागीर सांगेल.

पण हा बचाव हेतूबद्दल आहे आणि टीका परिणामाबद्दल आहे. टीका करणारा म्हणतो, "ही गोष्ट अशी सांगितल्याने माझा भाग पुसला जातो." त्याला "माझ्या मनात तसं नव्हतं" हे उत्तर दिलं तर ते खरं असेल, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर नसेल. आपल्या दुकानातही हेच होतं. ग्राहक म्हणतो ब्लाउज दंडात घट्ट होतोय, आणि आपण म्हणतो "मी मनापासून शिवलाय हो." मनापासूनच शिवलाय, पण दंडात घट्ट आहे ना!

दहा वर्षं घातली, आता सोडायचं?

२०२१ मध्ये कॅथी हेय यांनी जाहीर केलं की आपण हा प्रकल्प थांबवतोय.

हे किती अवघड असेल याचा विचार करा. बीबीएला आम्हाला "सन्क कॉस्ट" शिकवायचे. म्हणजे जो पैसा, जो वेळ जाऊन चुकलाय आणि काहीही केलं तरी परत येणार नाही, तो. नियम सोपा आहे: पुढचा निर्णय घेताना तो हिशोबात धरायचा नाही. परीक्षेत सगळे पास होतात, आयुष्यात जवळजवळ सगळे नापास. "एवढे वर्ष घातले म्हणून अजून दोन वर्षं घालू", "एवढा माल पडलाय म्हणून अजून थोडा रेटून विकू", असंच आपलं चालतं.

विचारायचा प्रश्न एकच असतो: आज हे माहीत झाल्यावर, मी हे काम नव्याने सुरू केलं असतं का? उत्तर "नाही" असेल, तर गेलेली दहा वर्षं तुम्हाला अकराव्या वर्षाकडे ढकलू शकत नाहीत.

थांबवणं हाच एकमेव योग्य मार्ग होता असं माझं म्हणणं नाही. त्यावर दोन मतं असू शकतात. पण जेव्हा टीका मालाच्या आत शिरलेल्या गोष्टीवर असते, तेव्हा "सॉरी" लिहून तोच माल तसाच पुढे विकता येत नाही, हे मात्र या उदाहरणातून स्पष्ट दिसतं.

आपल्या गल्ल्यावर हे कसं येतं

कमेंट आली की मी आमच्या बॅचमध्ये तीन चाळण्या लावायला सांगतो.

*पहिली चाळणी: टीका मालावर आहे का?* उदाहरणार्थ, तुम्ही "हातमागाची पैठणी" म्हणून साडी टाकली. एक बाई लिहिते, "ताई, उलट्या बाजूचा फोटो टाका." तिला माहीत आहे की हातमागावरच्या अस्सल पैठणीत पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, आणि पॉवरलूमच्या साडीत मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. ही मालावरची टीका. उत्तर सोपं: उलट्या बाजूचा फोटो टाका. पॉवरलूमची असेल तर "सेमी पैठणी, पॉवरलूम" असं स्वच्छ लिहा आणि किंमत तशी लावा. यात वाद घालण्यासारखं काही नसतं. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे, आणि ती फक्त मोठ्या कंपन्यांपुरती नाही.

*दुसरी चाळणी: टीका वागण्यावर आहे का?* पार्सल उशिरा आलं, फोन उचलला नाही, "रिटर्न नाही" हे पैसे घेतल्यावर सांगितलं. ही व्यवस्थेवरची टीका. माफी मागा, भरपाई द्या आणि पद्धत बदला.

*तिसरी चाळणी: टीका गोष्टीवर आहे का?* इथे कॅथी हेय यांचं उदाहरण लागू होतं आणि इथेच बहुतेक जण गडबडतात, कारण ही टीका पटकन कळतच नाही. आपण म्हणतो, "माल चांगलाय, डिलिव्हरी वेळेत आहे, मग यांना प्रॉब्लेम काय?"

समजा तुम्ही बंजारा कशिद्याच्या पिशव्या विकता. आरसे, कवड्या, रंगीत टाके, दिसायला एकदम झकास. तुम्ही लिहिलंय "आदिवासी कलेक्शन". तांड्यावरून शिकून बाहेर पडलेला एखादा मुलगा कमेंट करतो, "हे आमच्या आयांचं काम आहे. तुमच्या पेजवर त्यांचं नाव कुठेच नाही. आणि महाराष्ट्रात आम्ही विमुक्त जातीत मोडतो, हे तरी माहीत आहे का? एका पिशवीमागे त्यांना किती मिळतात?"

पिशवी चांगली आहे. शिलाई पक्की आहे. तरीही हा मुलगा जे विचारतोय ते रास्त आहे. तुम्ही नुसती पिशवी विकत नाही, "हाताने केलेलं, परंपरेतलं" ही गोष्टसुद्धा विकताय आणि त्या गोष्टीचे पैसे घेताय. ज्या गोष्टीचे पैसे घेतो, तिची जबाबदारीही आपलीच.

मग करायचं काय?

मला तीन पायऱ्या दिसतात. टीका किती खोल आहे त्यावर कुठवर जायचं ते ठरवा.

१. गोष्ट पूर्ण सांगा. "आदिवासी कलेक्शन" काढा, "बंजारा कशिदा" लिहा. कुठल्या भागात, कुणी केला, ते त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने लिहा. नाव द्यायचं नसेल कुणाला, तर गटाचं नाव लिहा. याला खर्च शून्य रुपये.

२. वाटा बदला. इथे हिशोब करावा लागतो. समजा पिशवी १,४०० रुपयांना जाते. कापड, अस्तर, चेन मिळून २६०, कशिद्याची मजुरी २२०, शिलाई १५०, पॅकिंग-कुरिअर १२०. एकूण ७५०. तुमच्याकडे राहतात ६५०. आता मजुरी २२० वरून ३५० केली, तर तुमच्याकडे ५२० राहतात. महिन्याला ६० पिशव्या जात असतील तर फरक ७,८०० रुपयांचा. रक्कम छोटी नाही, मान्य. पण हा आकडा कागदावर आला की "परवडत नाही" म्हणायचं की "परवडतं" म्हणायचं हे नीट ठरवता येतं. नाहीतर आपण आकडा न मांडताच "परवडत नाही" म्हणून मोकळे होतो. हवं तर पिशवी १,४५० ची करा आणि वाढ का केली ते लिहा.

३. माल बदला किंवा थांबवा. एखादी वस्तू अशी असते की गोष्ट कितीही नीट सांगितली, वाटा कितीही वाढवला, तरी ज्यांची ती आहे त्यांना ती बाजारात नकोच असते. कुणाची पूजेची वस्तू असेल, कुणाच्या दुःखाची खूण असेल. तिथे थांबायची तयारी हवी. कॅथी हेय इथपर्यंत गेल्या.

बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांवर काम होतं. पण तिसरी पायरी आहे हे माहीत असलं की पहिल्या दोन आपण प्रामाणिकपणे चढतो.

उत्तर कसं लिहायचं

लगेच लिहू नका. एक रात्र जाऊ द्या. पण तीन दिवस गप्पही बसू नका. आधी फक्त एवढं लिहा: "तुमचं म्हणणं वाचलं. माहिती घेऊन शुक्रवारपर्यंत इथेच उत्तर देतो." आणि मग शुक्रवारी खरंच उत्तर द्या.

उत्तराचा साचा साधा ठेवा:

"तुम्ही बरोबर लक्षात आणून दिलंत. 'आदिवासी कलेक्शन' हे नाव आम्ही काढलंय. हा कशिदा कुणी केलाय ते आता प्रत्येक पिशवीखाली लिहिलेलं असेल. या महिन्यापासून मजुरी २२० वरून ३५० केली आहे. अजून काही सुधारायचं राहिलं असेल तर सांगा."

बघा, यात "आमचा हेतू चांगला होता" नाही, "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" नाही. काय बदललं, किती बदललं, कधीपासून, एवढंच आहे. आणि हो, जे केलेलं नाही ते लिहायचं नाही. मजुरी वाढवली नसेल तर ते वाक्य लिहू नका.

आणखी तीन गोष्टी सांभाळा:

- कमेंट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट आधीच निघालेला असतो आणि मग चर्चा तुमच्या मालावरून तुमच्या भित्रेपणावर जाते.
- तुमच्या नेहमीच्या ग्राहकांना त्या माणसावर सोडू नका. "आमच्या दादांना बोलायचं नाही" असं कुणी लिहायला लागलं तर तुम्हीच तिथे जाऊन सांगा की प्रश्न रास्त आहे, मी उत्तर देतोय.
- टीका करणाऱ्यालाच फुकट शिकवणी मागू नका. "मग तुम्हीच सांगा काय करू" असं म्हणून आपलं काम त्याच्या गळ्यात घालायचं नाही. खरंच सल्ला हवा असेल तर त्याच्या वेळेचे पैसे द्या.

आणि ट्रोल?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो, विशेषतः ताईंकडून. व्हिडिओत चेहरा दाखवला की रंगावर, अंगावर, नवऱ्यावर, जातीवर कमेंट येतात. ही टीका नाही. हिला चाळणी लावत बसू नका. ब्लॉक करा, रिपोर्ट करा, फारच झालं तर सायबर पोलिसांकडे तक्रार करा.

ओळखायची खूण एकच. कमेंटमधली शिवी काढून टाका आणि मागे काय उरतं ते बघा. काहीच उरत नसेल तर ट्रोल. पण शिवी काढल्यावरही एक प्रश्न उरत असेल, "हे कुणी बनवलं? त्याला किती मिळाले?", तर तो प्रश्न तुमचा आहे. माणूस रागात बोलला म्हणून त्याचा प्रश्न खोटा होत नाही. एकशेवीस वर्षांपूर्वीच्या ड्रेसबद्दल बोलताना कुणाचा आवाज थोडा चढला, तर त्यात नवल ते काय?

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या पेजवरचा सगळ्यात जास्त विकला जाणारा एक माल घ्या. वहीत तीन ओळी लिहा. पहिली, या मालाबद्दल मी ग्राहकाला कुठली गोष्ट सांगतो: "आजीची रेसिपी", "गावाकडचं", "पेशवाई थाट", "हातमागाचं", जे असेल ते. दुसरी, त्या गोष्टीत कुणाकुणाचे हात आहेत, आणि त्यातल्या किती जणांचं नाव माझ्या पेजवर आहे. तिसरी, विक्रीच्या शंभर रुपयांतले त्या हातांना किती जातात.

तिसरी ओळ लिहिताना हात थबकला, तर कमेंट यायची वाट बघू नका, आजच कामाला लागा. तिन्ही ओळी खाली कमेंटमध्ये टाकल्यात तर मी स्वतः वाचून उत्तर देईन. आकडे सगळ्यांसमोर टाकायचे नसतील तर फक्त पहिली ओळ टाका, बाकीचं आपण बॅचमध्ये बोलू.

पुढच्या भागात बघू, मजुरीचा दर ठरवताना नगावर द्यायची की तासावर. तोपर्यंत, धंदा नीट करा, हिशोब रोज लिहा. भेटूच!